पुठ्ठ्याची आई

९ मार्च

आज ढब्बूने खालच्या मजल्यावरच्या काकूंना 'आई' म्हटलं!

जिन्यात भेटल्या. हातात भाजीची पिशवी. हा माझ्या कडेवरून सरळ त्यांच्याकडे झेपावला आणि म्हणाला, "आई." काकू हसून हसून कठड्याला टेकल्या. "अगं बाई, या वयात मला आई करतोय!" आजीबाई खवळली. आजीबाई म्हणजे माझी थोरली. वय साडेसहा, बोलणं साठीचं. "त्या काकू आहेत! आपली आई जहाजावर आहे. ज-हा-जा-वर!" ढब्बूला जहाज म्हणजे काय ते माहीत नाही. आई म्हणजे काय तेही माहीत नाही, असं आज दिसलं. ती गेली तेव्हा तो भिंत धरून पहिली पावलं टाकत होता. आता पळतो, चमच्याने खातो आणि दिवसभर 'नको' म्हणतो.

काकू म्हणाल्या, "असू दे हो, लहान आहे." असू दे काय! वर आलो आणि बाइंडिंगची खळ ढवळत बसलो. गुठळ्या झाल्या.

जाताना बायको याच जिन्यात थांबली होती. पाठीवर पिशवी, अंगात प्रवासाचा जाड कोट. म्हणाली, "परत येईन तेव्हा त्याने मला ओळखलं नाही, तर पुन्हा जहाजावर चढणार नाही हां. सांगून ठेवते." हसत म्हणाली. पण तोंड हसत होतं, डोळे नाही.

११ मार्च

तिचा फोन आला. मालवाहू जहाज, किनाऱ्याजवळ आलं की तेवढा लागतो. अर्धा वेळ 'हॅलो, ऐकू येतंय का' यातच जातो. उरलेल्या वेळात ती कुठल्यातरी पंपाबद्दल बोलली. तो रात्रभर गळत होता आणि तिने एकटीने तो उघडून बसवला. मी सांगितलं, ढब्बूला दाढ येतेय, आजीबाईचा बूट फाटला, सगळं ठीक. मग ती म्हणाली, "ढब्बू माझी आठवण —" आणि कट.

परत लागला नाही. बरं झालं नाही लागला ते.

१४ मार्च

काकूंकडे नवा फ्रिज आला. रिकामा बॉक्स माणूसभर उंचीचा. "घेऊन जा, तुमच्या पुस्तकांना होईल." पुस्तकांना हा पुठ्ठा चालत नाही, पण फुकटचं कोण सोडतो? जिन्यातून वर चढवताना बॉक्स मी ओढत होतो की बॉक्स मला, ते काकूंनाच विचारावं.

पुढच्या खोलीत माझं बाइंडिंगचं टेबल. वाचनालयाची फाटकी पुस्तकं येतात, मी ती उसवून, शिवून, नवे पुठ्ठे चढवून परत देतो. त्यात आता हा राक्षस उभा. आजीबाईने त्याच्याभोवती फेरी मारली. डॉक्टरसारखं ठोकून पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, यात आई होईल."

मला वाटलं, लपाछपी खेळायची आहे.

"नाही रे! आई बनवायची. म्हणजे ढब्बू जिन्यात कुणालाही आई म्हणत फिरणार नाही."

१५ मार्च

सुट्टी. सकाळपासून उंचीवरून भांडण. मी म्हणतो ती माझ्या कानाला लागते, आजीबाई म्हणते खांद्याला. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि बायको कुठपर्यंत येते ते छातीवर हात ठेवून सांगता येईना! शेवटी कपाटातून तिची जुनी डांगरी काढली, जमिनीवर पसरली आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. डांगरीला अजून तेलाचा वास आहे. आजीबाईने त्यात नाक खुपसलं. मीही खुपसलं, ती पाणी प्यायला गेली तेव्हा.

आजीबाईचं खरं निघालं. खांद्यालाच लागते.

पाय झाले, धड झालं, हात झाले. कोपरात बटण लावून दोरा ओवला. हात वाकतो! पुठ्ठा डोक्याशी चेपलेला निघाला. मग डोकं वेगळं कापून मानेच्या खाचेत बसवलं. ढब्बूने कामात मदत केली, म्हणजे दोन ब्रश खळीत बुडवून सोफ्याला लावले.

१६ मार्च

चेहरा मी काढला. आजीबाईने लांबून पाहिला, जवळून पाहिला. "हा पोस्टमन आहे."

मग तिने काढला. टपोरे डोळे, कानापासून कानापर्यंत हसू, दात मोजून घ्यावेत असे. केसांना बाइंडिंगचा काळा दोरा. मी खरोखर वा म्हटलं. तेवढ्यात तिने डोकं खाचेतून उपसलं, उलटं केलं आणि मागच्या बाजूला दुसरा चेहरा काढायला घेतला. भुवया एकमेकींना भिडलेल्या, तोंड खाली वळलेलं.

"हे काय गं?"

"आईला राग पण येतो ना. खरी आई पाहिजे की खोटी?"

 डोकं दोन्ही बाजूंनी चपखल बसतं. अर्थात हसरी बाजू पुढे ठेवली. डांगरी घालून तिला खिडकीजवळ उभी केली तर ढब्बू खेळता खेळता थबकला. चालत आला, वर पाहिलं, डांगरीचा पाय धरला. "आई?" आजीबाईने छाती फुगवून सांगितलं, "हो. आई."  

१७ मार्च

पुठ्ठ्याची आई आज टेबलाशी जेवायला होती. तिच्या वाटणीचं मी खाल्लं.

२५ मार्च

ढब्बू रोज उठल्याबरोबर तिचा पापा घेतो. कडेवर धरून तोंडापर्यंत न्यावं लागतं. ओठांचा पुठ्ठा भिजून मऊ झाला, आज त्यावर कापड चिकटवून पुन्हा रंगवले.

आज फोनही लागला. मी फोन ढब्बूच्या कानाला लावला आणि त्याने चक्क "आई!" म्हटलं. तो खिडकीकडे बघत होता, पण फोनला डोळे कुठे असतात? ती पलीकडे इतकी ओरडली की माझ्या कानापर्यंत आलं. मी पुठ्ठ्याचं सांगितलं. "दिसते का माझ्यासारखी?" "नाक तुझ्यापेक्षा सरळ आहे." खूप हसली. मग म्हणाली, मोठ्या साहेबांनी शब्द दिलाय, पुढच्या फेरीला ती दुसरी इंजिनिअर म्हणून जाणार. आता तिसरी आहे. एवढ्या एका पायरीसाठी किती वर्षं घासली तिने. सांगताना तिचा आवाज असा काही लागला होता! घरात असताना तो कधी लागत नाही.

मी म्हटलं, वा! छान! फोन ठेवल्यावर मनात म्हटलं, म्हणजे पुन्हा. लग्नाआधी मीच म्हणालो होतो, तू जा, घर मी सांभाळतो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो.

४ एप्रिल

आज डोकं फिरलं. वाचनालयाची पुस्तकं उद्या द्यायची. सगळी शिवून ओळीने मांडलेली. मी दूध उतू जातंय म्हणून आत धावलो, आलो तर ढब्बू टेबलावर बसलेला आणि खळीचं भांडं पुस्तकांवर उपडं! हाताने पसरतोय! माझा हात उठला होता. खरंच उठला होता. तो वरच ठेवून मी खिडकीशी गेलो आणि पुठ्ठ्याचं डोकं फिरवलं.

"बघ! बघ आईला काय वाटलं ते!"

ढब्बू गप्प. हात पोटाशी. टेबलावरून सरकत खाली उतरला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. मी पुस्तकं पुसली, वाळत लावली, दोन पुन्हा शिवली. तासभर घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

इतकं सोपं! आणि मला एक शब्द ओरडावा लागला नाही.

९ एप्रिल

आज पुन्हा. दूध सांडलं म्हणून.

१७ एप्रिल

आता डोकं फिरवावंही लागत नाही. नुसता मानेला हात लावला की पुरतं. आजीबाईवरही चालतं, तिनेच काढलेलं तोंड असून! दात घासायचे नाहीत? मानेला हात. झोपायचं नाही? मानेला हात. मग मी हसरी बाजू पुढे करतो, दोघं पळत येऊन माझ्या गळ्यात पडतात. ढब्बू माझ्या मानेत तोंड खुपसून "बाबा, बाबा" करतो. किती दिवसांत मी आवाज चढवलेला नाही. असा बाबा शोधून सापडायचा नाही!

२२ एप्रिल

शाळेच्या फाटकाशी रोज सात-आठ आया उभ्या असतात. मी गेलो की बोलणं थांबतं. वाईट बायका नाहीत. एकीने विचारलं, "मिसेस बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. संपलं. मागे ऐकलं, बुधवारी दुपारी कुणा एकीच्या घरी मुलांना घेऊन जमतात, कागदाची फुलं-बिलं करतात. माझ्या ओठांवर आलं होतं — आम्हीही येऊ का? — तेवढ्यात घंटा वाजली. नाहीतरी विचारलं नसतंच. एवढ्या बायकांत मी एकटा दाढीवाला कात्री घेऊन बसणार!

दुपारी पोरं झोपली की पुस्तक शिवता शिवता मी पुठ्ठ्याशी बोलायला लागलोय. आधी गंमत म्हणून. आता सवय झालीय. फोनवर 'सगळं ठीक' सांगतो, ते नसतं तेव्हा काय असतं ते हिला सांगतो. आज सांगितलं की मी कंटाळलोय. पोरांना नाही. संध्याकाळला. पोरं निजल्यावर मधल्या खोलीत बसून कुणाशी काही बोलायचं नसतं, त्याला. सांगितलं की मला ती इथे हवीय. नोकरी कर, पण बंदरातल्या वर्कशॉपात कर, संध्याकाळी घरी ये. हे तिला कधी म्हणणार नाही. शब्द दिलाय. पुठ्ठ्याला काही शब्द दिलेला नाही.

३० एप्रिल

काकू वाटीभर साखर मागायला आल्या. ढब्बू शहाण्यासारखा कोपऱ्यात ठोकळे लावत होता. "काय केलंत हो? हे वादळ एवढं शांत?" मी मोठ्या कौतुकाने मानेची युक्ती दाखवली. डोकं फिरवलं. ढब्बूने ठोकळे खाली ठेवले आणि दोन्ही हात पोटाशी घेतले.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमच्या घरी पोरांना भ्यायला बागुलबुवा होता. तुमच्याकडे आईच आहे की."

साखर घेऊन गेल्या. मला राग आला. दिवसभर दोन पोरं सांभाळून दाखवा म्हणावं! फुकटचे सल्ले द्यायला काय जातं.

डोकं सरळ करून ठेवलं.

१२ मे

ती येतेय!! जहाज दुरुस्तीला लागणार, म्हणून तिला लवकर सोडताहेत. पंधरा दिवसांच्या आत! फोन ठेवला आणि आजीबाईला उचलून गरगर फिरवलं. ती "वय झालं तुझं, कंबर धरेल" म्हणाली, पण किंचाळत होती. मग दोघांनी नाचत ढब्बूला सांगितलं, आई येणार, आई येणार!

ढब्बू खिडकीकडे बघायला लागला.

"ती नाही रे," आजीबाई म्हणाली. "खरी. मोठ्ठी. बोलणारी."

ढब्बू म्हणाला, "ओलडणाली?"

आणि हात पोटाशी घेतले.

 चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. राग माझा, तोंड तिचं. तीही समुद्रात, हजार कोसांवर, कुठल्यातरी पंपाखाली आडवी पडलेली. महिनाभर मी लाडका बाबा म्हणून मिरवलो तो कुणाच्या जिवावर?

१३ मे

मागचा चेहरा रंगवून टाकला. वर काळा दोरा चिकटवला, आता तिथे नुसते केस. डोकं खाचेत पक्कं बसवलं, हलतसुद्धा नाही. ढब्बूला दाखवलं, "बघ, नाही! गेली रागावणारी आई!"

तो मागे गेला. दोऱ्याखाली बोटं घालून बघायला लागला.

१६ मे

अजून बघतो. दिवसातून कितीदा तरी. पुढे हसू दिसतंय, पण त्याचा हसण्यावर भरवसा राहिलेला नाही. आज थोडा दोरा उपटून काढला. खाली काळा रंग. तो काळा रंग त्याला चेहऱ्यापेक्षा भयानक वाटला असावा. इतका रडला! हात दाखवून अवलक्षण.

आजीबाई म्हणाली, "मी तोंड काढलं होतं. फिरवलं तू."

मला माहीत आहे गं बाई. चांगलं माहीत आहे.

२४ मे

आली.

रंग रापलेला. केस कापून कानापर्यंत केलेत. दारात पिशवी टाकली आणि तिथेच गुडघ्यांवर बसली. आजीबाई आधी तिच्या अंगावर कोसळली, मग जोडे बघितले, मग केस कापल्याबद्दल बोलणी दिली. ढब्बू माझ्या पायामागे. तिने हात पसरले. नुसती हसली. आणि माझ्या पोरा, तू निघालास की! एक एक पाऊल टाकत तिच्याजवळ गेला. 

तो तिच्या हातांत गेला नाही. बाजूने वळसा घालून पाठीमागे गेला. तिला वाटलं खेळतोय. हसत वळली. तो पुन्हा मागे. ती पुन्हा वळली. "अरे लबाडा!" मग ती थांबली आणि त्याला मागे जाऊ दिलं. त्याने तिच्या डोक्यामागचे केस दोन्ही हातांनी बाजूला केले आणि आत बघितलं.

"काय शोधतोस रे राजा?"

सांगितलं आजीबाईने. सगळं, एका दमात. पुठ्ठा, डांगरी, दोन तोंडं, खळ, दूध, दात. "आणि बाबा दमला की आईचं तोंड फिरवतो, मग आम्ही गप्प बसतो."

ती अजून गुडघ्यांवरच होती. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

२५ मे

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पोरं समोर नसताना, भांडी घासता घासता विचारलं, "तुला स्वतःच्या तोंडाने रागावता आलं नाही?"

मी म्हटलं, दमायचो.

"मीही दमते. तिथे कुणाला तुझं तोंड दाखवत नाही."

मी पुठ्ठा फेकायला निघालो तर आडवी आली. "राहू दे. त्याची आहे ती. माझ्याआधीची."

ती जहाजावरून उतरलीय, पण जहाज तिच्यातून उतरलेलं नाही. पाय फाकवून चालते. इंजिनाच्या आवाजात बोलायची सवय, म्हणून साधं 'मीठ दे' सुद्धा गरजून म्हणते आणि ढब्बू दचकतो. घर हलत नाही म्हणून तिला झोप लागत नाही. मी शेजारी जागा. दोघं जागे, आणि बोलायला काही नाही. ती नव्हती तेव्हा पुठ्ठ्याशी किती बोलायचो!

कंपनीला पुढच्या शुक्रवारी उत्तर द्यायचंय. दुसरी इंजिनिअर म्हणून जाते की नाही. नाही म्हटलं तर दुसरा तयार आहे, आणि पुन्हा कधी विचारतील ते सांगता येत नाही. तिने मला सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत ढब्बूने एकदा आपणहून मला शोधलं ना, तर जाईन. म्हणजे मी गेले तरी त्याच्यात आहे, एवढं कळेल. नाही शोधलं तर राहीन इथेच. वर्कशॉपात जाईन. भीती घालवल्याशिवाय जाणार नाही."

मी म्हटलं, तुला वाटेल तसं कर.

२८ मे

दिवसभर दोघी पुठ्ठ्याचं जहाज करत होत्या. ती आणि आजीबाई. बॉक्सचे उरलेले तुकडे, माझी खळ. काय हात आहे तिचा! कप्पे, शिडी, फिरणारा पंखा. ढब्बू हातभर लांब बसून बघतो. ती पंखा पुढे करते, तो पंखा घेतो आणि हातभर मागे सरकतो. ती पुन्हा एक तुकडा कापते.

खरं लिहितो. तो मागे सरकला तेव्हा मला हायसं वाटलं. मग लाज वाटली. आधी हायसं, मग लाज, या क्रमाने.

१ जून

कप फुटला. ढब्बूच्या हातून, तिचा आवडता. काचा सगळीकडे. ढब्बूने हात पोटाशी घेतले आणि तिच्याकडे पाहिलं. ती रागावली! ढब्बूवर नाही, माझ्यावर. कप कडेला मी ठेवला होता. "किती वेळा सांगितलं, टेबलाच्या काठावर काही ठेवू नकोस म्हणून!" भुवया भिडलेल्या, आवाज छप्पर उडवणारा. अगदी आजीबाईने काढला होता तसा चेहरा. आणि तसाच चेहरा ठेवून, मला बोलता बोलता, तिने वाकून ढब्बूला काचांतून उचललं आणि कडेवर घेतलं.

तो ताठ. लाकडासारखा. तिचं भांडण संपेपर्यंत तिच्या तोंडाकडे एकटक बघत होता. मग एक बोट उचलून तिच्या भुवईला लावलं. रागावलेल्या भुवईला.  त्याने तिच्या डोक्यामागे वाकून पाहिलं नाही.

मी काचा गोळा केल्या. बोट कापलं, कुणाला सांगितलं नाही.

३ जून

भुवईचा विषय मीच काढला. ती म्हणाली, "ते मी उचललं म्हणून. आपणहून नाही आला." हिशोबाला पक्की. इंजिनाशी खोटेपणा चालत नाही म्हणते, आवाजावरून कळतंच.

सकाळी मी तिला आरशापुढे बघितलं. खांद्यावर दोन बोटं आडवी धरून, दुसऱ्या इंजिनिअरची पट्टी तिथे कशी दिसेल ते बघत होती. मला पाहून कॉलर नीट करतेय असं दाखवलं. मी तसाच मागे फिरलो.

मला ती जायला नकोय. इथे तरी लिहितो. नकोय, नकोय.

५ जून

आज शुक्रवार. उत्तर द्यायला ती सकाळी लवकर कंपनीच्या ऑफिसात गेली. आजीबाई खाली काकूंकडे. ढब्बू उठला आणि तिच्या अंथरुणाकडे गेला. मग स्वयंपाकघर, बाथरूम, गॅलरी. पुठ्ठ्याच्या आईसमोरून दोनदा गेला, ढुंकूनही पाहिलं नाही. दाराशी तिच्या घरातल्या चपला होत्या. त्यातली एक छातीशी धरून "आई, आई" करत तो रडला. मला जवळ येऊ देईना. रडता रडता तिथेच झोपला.

तेवढ्यात फोन. एकही शब्द तुटत नव्हता. "आत जायच्या आधी विचारते. शोधलं का रे त्याने मला?"

"नाही गं," मी म्हटलं. "खेळतोय."

 ती म्हणाली, "बरं. नाही म्हणून सांगून येते."

संध्याकाळी तिने दार उघडलं मात्र, ढब्बू धावत जाऊन तिच्या पायांना बिलगला. ती उंबऱ्यातच बसली आणि हसायला-रडायला लागली. "बघ रे! आला! आपणहून आला! आत्ता!"

"हो ना!" मी म्हटलं. "आत्ताच!"